मोटारसायकलचा ब्रेक आणि पास्कलचा नियम

विद्यार्थी मित्रहो, पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातील पास्कलचा नियम आपण परीक्षेपुरता पाठ करतो आणि उत्तरपत्रिका हातावेगळी झाली की विसरून जातो. परंतु हाच नियम आपल्या वडिलांच्या किंवा थोरल्या बंधूंच्या मोटारसायकलवर उजव्या मुठीजवळ दररोज राबत असतो; आणि ताम्हिणी किंवा आंबेनळी घाट उतरताना दोन जिवांचा भार त्याच्याच हवाली असतो. म्हणून त्याची नीट ओळख करून घेणे अगत्याचे आहे.

प्रथम पहारीचा विचार करू. जांभ्याचा जड चिरा नुसत्या हातांनी हलत नाही. पण त्याखाली पहार सरकवून तिला लहान दगडाचा टेकू दिला की एकटा मनुष्यही तो उचलतो. मात्र येथे फुकट काहीच मिळत नाही. हाताकडील टोक हातभर खाली जावे, तेव्हा कोठे चिरा चार बोटे वर येतो. बळ जितके वाढले तितके अंतर घटले. हा व्यवहार ध्यानात ठेवावा. पुढील सर्व विवेचन त्यावरच उभे आहे.

आता दुसरा प्रयोग. सुई काढलेल्या दोन सिरिंज घ्याव्या, एक बारीक व एक जाड. दोन्ही पाण्याने भरून बारीक नळीने जोडाव्या. बारीक सिरिंजचा दट्ट्या दाबताच जाड सिरिंजचा दट्ट्या थोडासाच वर येतो, पण अंगठ्याने तो दाबून धरणे कठीण जाते. बंदिस्त द्रवावर एके ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हे ब्लेझ पास्कल (१६२३–१६६२) ह्या फ्रेंच पंडिताने दाखवून दिले. दुसऱ्या दट्ट्याचे क्षेत्रफळ चौपट असेल तर त्यावरील बळ चौपट होते आणि त्याचे सरकणे चतुर्थांश होते. नळीत हवेचा मोठा बुडबुडा राहू दिला, तर मात्र आपले श्रम तो बुडबुडा चेपण्यातच खर्ची पडतात.

डिस्क ब्रेक म्हणजे ही पहार व ही सिरिंज यांचा संयोग होय. बोटांनी ओढावयाचा लिव्हर ही पहार. तो ज्या दट्ट्याला ढकलतो त्या दट्ट्याचे घर म्हणजे मास्टर सिलिंडर, व त्यावरील लहान डबी म्हणजे तेलाची टाकी. तेथून निघालेली नळी चाकाजवळच्या कॅलिपरपर्यंत जाते. कॅलिपरातील मोठा दट्ट्या ब्रेक पॅडना चाकाबरोबर फिरणाऱ्या पोलादी तबकडीवर दाबतो आणि त्या घर्षणाने गाडी थांबते.

हिशेबास सोपे जावे म्हणून मास्टर सिलिंडरचा दट्ट्या १९ मिलिमीटर व्यासाचा आणि कॅलिपरातील एकच दट्ट्या ३८ मिलिमीटर व्यासाचा मानू. व्यास दुप्पट, म्हणून क्षेत्रफळ चौपट. लिव्हरच्या टेकूपासून बोटे १२० मिलिमीटरवर व दट्ट्याला ढकलण्याची जागा २० मिलिमीटरवर असेल, तर बोटांचे बळ सहापट होते. बोटांनी ६ किलो भाराइतका जोर लावला की दट्ट्यावर ३६ किलो व पॅडवर १४४ किलो. आता २० च्या ठिकाणी १८ मिलिमीटर करा. दट्ट्यावर ४० किलो व पॅडवर १६० किलो होतील. पण पॅड १ मिलिमीटर सरकण्यासाठी बोटांना पूर्वी २४ मिलिमीटर जावे लागे, तेथे आता सुमारे २७ मिलिमीटर जावे लागेल. पहारीचा व्यवहार येथेही चुकत नाही.

ह्या कल्पनेचा इतिहास थोडक्यात असा. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकचे पेटंट अमेरिकेत माल्कम लॉकहीड यांनी १९१७ साली घेतले, व १९२१ साली ड्यूसेनबर्ग मोटारीच्या चारही चाकांना तसे ब्रेक लाभले. १९६९ साली जपानच्या होंडा कंपनीने सीबी ७५० ही गाडी पुढील चाकास असा डिस्क ब्रेक लावून मोठ्या संख्येने विकावयास काढली. इटलीतील ब्रेंबो ह्या ब्रेक बनविणाऱ्या कंपनीचा कारखाना आज आपल्या पुणे जिल्ह्यात चाकण येथे आहे. तेथेच बजाजच्या कारखान्यात तयार झालेली केटीएम ड्यूक २०० ही गाडी २०१२ साली बाजारात आली, तेव्हा तिला ब्रेंबोच्याच ‘बायब्रे’ नावाचे ब्रेक होते.

वेगवान गाड्यांसाठी जे जुळवून घेता येणारे मास्टर सिलिंडर मिळतात, त्यांत दोन निरनिराळ्या सोयी असतात. पहिली, लिव्हर मुठीपासून किती दूर असावा हे ठरविण्याची. लहान हाताच्या चालकाला, विशेषतः मुलींना, ही सोय मोठी उपकारक ठरते; कारण बोटे लिव्हरवर पुरतीच पोहोचली नाहीत तर बळ असून उपयोग काय? दुसरी, टेकूपासूनचे अंतर बदलण्याची. ब्रेंबोच्या ‘१९ आरसीएस’ ह्या प्रकारात एक स्क्रू फिरवून हे अंतर १८ किंवा २० मिलिमीटर ठेवता येते. आपण वर केलेला हिशेब तोच. १८ वर लिव्हर हलका लागतो व ब्रेक हळूहळू चढतो. २० वर लिव्हर घट्ट लागतो व थोड्याशा हालचालीत ब्रेक लागतो.

डाव्या मुठीजवळ काही गाड्यांना वायरऐवजी तेलावर चालणारा क्लच असतो. त्याचे शास्त्र हेच, कार्य मात्र वेगळे. तेथे स्प्रिंगा दाबून क्लचच्या प्लेटा एकमेकींपासून सोडवावयाच्या असतात. हात हलका व्हावा म्हणून अंतर फारच घटविले, तर प्लेटा पुरत्या सुटत नाहीत आणि गिअर अडून बसतो.

आता दोन सावधगिरीच्या गोष्टी. लिव्हर सोडल्यावर दट्ट्या मागे सरतो व टाकीकडील एक बारीक छिद्र उघडे होते. तापून फुगलेले तेल त्या वाटेने टाकीत परतते. लिव्हर जुळविताना त्यात थोडीही ढील ठेवली नाही, तर छिद्र झाकलेलेच राहते. तेल फुगून ब्रेक आपोआप धरू लागतो आणि चाक जाम होण्याचा संभव असतो. म्हणून ढील हा दोष नव्हे, ती गरज आहे.

दुसरी गोष्ट खास आपल्या किनाऱ्याची. नेहमीचे ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनच्या दमट हवेत त्याला ओलाव्याची वाण नाही. ‘डॉट ४’ जातीच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू निदान २३० अंश सेल्सिअस असावा असे प्रमाण आहे. तेच तेल ओलावा पिऊन बसले असता हे प्रमाण १५५ अंशांवर येते. लांब उतरणीवर ब्रेक सतत धरून ठेवला की कॅलिपर तापतो, तेलातील पाण्याची वाफ होते, आणि सिरिंजमधील बुडबुड्याची गोष्ट खरी ठरते: लिव्हर मुठीला टेकतो, गाडी मात्र थांबत नाही. ह्यास उपाय साधे आहेत. तेल साधारणपणे दोन वर्षांनी बदलावे, उघडा राहिलेला जुना डबा वापरू नये, आणि घाट उतरताना गिअर खालचा ठेवून इंजिनालाही ओढ धरू द्यावी.

पालकांस विनंती एवढीच की, महागडा सिलिंडर घेण्याआधी घरच्या गाडीचे तेल पाहावे. ते काळपट झाले असेल तर तेथूनच आरंभ करावा. आणि विद्यार्थी मित्रहो, गिअरची गाडी चालविण्यास कायद्याने १८ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. तोवर सिरिंजचा प्रयोग करावा, व्यास बदलून हिशेब मांडावे. ज्याला आपल्या बोटांचे बळ चाकापर्यंत कसे पोहोचते हे कळले, तो पुढे गाडी हाती आल्यावर वेगाचा मोह आवरील आणि ब्रेकची निगा राखील, अशी आशा आहे.