‘द लॉजर’ची दृश्यशैली : संशयाचे निवेदन

साहित्यकृतीच्या चित्रपटीय रूपांतराचा अभ्यास करताना कथानक कितपत टिकले, याचाच विचार बहुधा होतो. निवेदनाचे काय झाले, हा प्रश्न मागे राहतो. आल्फ्रेड हिचकॉक यांचा ‘द लॉजर’ (१९२७) हा ब्रिटिश मूकपट या दृष्टीने लक्षणीय आहे.

मेरी बेलॉक लाउंड्स यांच्या याच नावाच्या कादंबरीत (१९१३) लंडनमधील एका घरमालकिणीला आपला भाडेकरू खुनी असावा अशी शंका येते. ही शंका ती मनातच ठेवते. वाचकाला ती मुख्यतः तिच्या मनोव्यापारातून कळते. मूकपटात हे मन शब्दांनी उलगडण्यास फारसा वाव नव्हता. हिचकॉक यांनी ते कार्य दृश्याकडे सोपवले. भाडेकरू वरच्या खोलीत येरझारा घालतो, खाली झुंबर हलते, घरातील माणसे वर पाहतात. आणि छत जणू पारदर्शक होऊन त्याची पावले दिसू लागतात. जाड काचेवर नटाला चालवून व कॅमेरा खाली ठेवून हे दृश्य टिपले आहे. येथे ध्वनीला दृश्यरूप मिळतेच. शिवाय पडद्यावर दिसते ती वस्तुस्थिती नसून पाहणाऱ्यांची कल्पना असते.

हिचकॉक यांनी १९२४ मध्ये बर्लिनजवळच्या बाबेल्सबर्ग येथील स्टुडिओत काम केले होते. जर्मन अभिव्यक्तिवादी चित्रपटाचा संस्कार येथील छायाप्रकाशात स्पष्ट आहे. मात्र त्या परंपरेत विकृत छाया बहुधा पात्राच्या स्वतःच्या मनाची असते. येथे भाडेकरूच्या चेहऱ्यावरील छाया इतरांच्या संशयाची आहे. पुढे जो हा पोलीस मातीतील पाऊलखुणेकडे पाहतो, तेव्हा त्या ठशातच पूर्वीच्या ‘खुणा’ एकामागून एक उमटतात. पुरावा सापडत नाही. तो रचला जातो.

अखेरीस भाडेकरू निर्दोष ठरतो. कादंबरीहून वेगळा हा शेवट आयव्हर नॉव्हेलो या लोकप्रिय नटाच्या प्रतिमेमुळे स्वीकारावा लागला, असे हिचकॉक यांनी पुढे सांगितले. म्हणून तो केवळ व्यावसायिक तडजोड ठरतो काय? दृश्यशैलीचा साक्षेपाने विचार केल्यास तसे म्हणता येत नाही. बेड्यांसह कुंपणाच्या गजांना लोंबकळणाऱ्या निरपराध माणसावर जमाव तुटून पडतो, तेव्हा त्या जमावाचा संशय प्रेक्षकानेही आतापर्यंत बाळगलेला असतो. खरा खुनी तर पडद्यावर कधीच दिसत नाही.

कादंबरीचा वाचक घरमालकिणीच्या संशयाचा साक्षी असतो. चित्रपटाचा प्रेक्षक त्या संशयाचा भागीदार होतो. रूपांतराचे मूल्यमापन करताना हा भेद निर्णायक मानावा लागेल.