कॉमन रूमचा टीव्ही : किती इंच, किती ठिपके?

आपल्या कॉमन रूममधला ३२ इंची टीव्ही यंदाच्या पावसाळ्यात गेला. रात्री लाईट गेली, आली आणि येताना टीव्हीचा बोर्ड घेऊन गेली. होस्टेल फंडातून २०,००० मंजूर झाले, ९६ जणांनी शंभर-शंभर काढले, एकूण २९,६००. खरेदीची जबाबदारी रेक्टर सरांनी आम्हा तिघांवर टाकली. या शंभरात काहींचे आठवड्याचे चहा-नाश्त्याचे पैसे होते, त्यामुळे "आवडला म्हणून घेतला" असे सांगून चालणार नव्हते.

फर्स्ट इयरवाल्यांचा एकच धोशा होता, "फोरकेच पाहिजे, दादा." म्हणून आधी कागद-पेन घेतले.

पिक्सेल म्हणजे पडद्यावरचा एक ठिपका. फुल एचडीमध्ये १९२० × १०८०, म्हणजे सुमारे २० लाख ७४ हजार ठिपके. फोरकेमध्ये ३८४० × २१६०, बरोबर चौपट. पण आपण बघतो काय? छतावरची छत्री डीडी फ्री डिशची, आणि तिच्यावरचे बहुतेक चॅनेल एसडी, म्हणजे ७२० × ५७६. हा ५७६ आकडा जुन्या ६२५ रेषांच्या पद्धतीतून आलेला आहे. १९७२ साली मुंबई दूरदर्शन सुरू झाले तेव्हाही याच रेषा होत्या, त्यातल्या ५७६ चित्राच्या कामी येतात. आता भागाकार करा. फोरकेचे ठिपके एसडीच्या बरोबर २० पट निघतात. म्हणजे दर वीस ठिपक्यांत खरी माहिती एकाची, बाकी एकोणीस टीव्हीने अंदाजाने भरलेले. नेटवरून फोरके बघायचे तर साधारण १५ ते २५ एमबीपीएस लागतात. संध्याकाळी कॉमन रूममध्ये मी मोजले तेव्हा ५ सुद्धा मिळत नव्हते.

आता डोळ्याचे बघू. निरोगी डोळ्याला दोन ठिपके वेगळे दिसायला त्यांच्यात एक कलेचा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाचा कोन लागतो. सोपे सूत्र असे : अंतर मीटरमध्ये घ्या, ०.२९ ने गुणा, उत्तर मिलिमीटरमध्ये. पहिली सतरंजी टीव्हीपासून ७ फुटांवर, म्हणजे २.१ मीटर. उत्तर ०.६ मिमी. ५० इंची फुल एचडी पडद्यावरचा ठिपका ०.५८ मिमीचा असतो. म्हणजे अगदी पुढे बसणाऱ्यालाही तो सुटा दिसत नाही. मागची भिंत २० फुटांवर, म्हणजे ६ मीटर. तिथे उत्तर १.७५ मिमी येते, तिथे तीन ठिपके एकात मिसळतात. मग फोरके कोणासाठी?

मागच्या भिंतीचे खरे दुखणे वेगळेच आहे. तिथून स्कोअर वाचता येत नाही. चष्म्याच्या दुकानातला तक्ता आठवा, ६ मीटरवरून वाचायच्या अक्षराची उंची सुमारे ८.७ मिमी असते. ती झाली परीक्षा. आरामात वाचायचे तर मी त्याची अडीचपट धरली, म्हणजे २२ मिमी. (माझा नंबर वजा तीन आहे, मला हा विषय जिव्हाळ्याचा.) स्कोअरच्या पट्टीतली अक्षरे पडद्याच्या उंचीच्या साधारण पंचविसाव्या भागाइतकी भरली. ३२ इंचावर १६ मिमी, ४३ वर २१, ५० वर २५. आमचा निर्णय इथेच झाला, ५० इंच. पैसे ठिपक्यांसाठी नाही, आकारासाठी मोजायचे.

एका रविवारी तुळजापूरमार्गे सोलापूर गाठले. दुकानात सगळे टीव्ही मोर, फुलपाखरे आणि फळे दाखवत होते, रंग भडक केलेले, आणि आपण उभे तीन फुटांवर. अशात कुठलाही टीव्ही चांगलाच दिसतो. आम्ही पेन ड्राइव्हवर एसडी मॅचचे रेकॉर्डिंग नेले होते. ते लावायला सांगितले, पिक्चर मोड स्टँडर्ड केला आणि २० फूट पावलांनी मोजून मागे गेलो. दुकानदार आधी वैतागला, नंतर स्वतःच आमच्या शेजारी येऊन उभा राहिला.

तिथे एक गंमत कळली. ५० इंचात त्याच्याकडे फुल एचडी नव्हताच, सगळे फोरके. म्हणजे फर्स्ट इयरवाल्यांना हवे ते फुकटात मिळाले! त्याने २९,००० चा ४३ इंची, "एचडीआर" लिहिलेला टीव्हीही पुढे केला. पण एचडीआर सिग्नल घेता येणे वेगळे आणि तो दाखवण्याइतका उजेड पॅनेलमध्ये असणे वेगळे. खोक्यावर पहिलेच छापलेले असते.

शेवटी दोन ५० इंची सेट उरले. आपल्याकडे निम्मी पोरे भिंतीकडेला बसतात, म्हणून बाजूला उभे राहून बघितले. एकाचे काळे रंग राखाडी पडले. दुसरा घेतला. किंमत करासह २६,५५०. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, नाहीतर याच मूळ किमतीला २८,८०० मोजावे लागले असते. पॅनेलची वॉरंटी लेखी घेतली, कारण पॅनेल बिघडले की जवळजवळ नवा टीव्हीच घ्यावा लागतो. १,९०० चा स्टॅबिलायझर घेतला.

परत आल्यावर वायरमन मामांनी टीव्ही लावायच्या आधी सॉकेट उघडला. तिसऱ्या भोकामागे तारच नव्हती. अर्थिंग कधीची सुटली होती कोण जाणे! मामा म्हणाले, "आधी ह्याचं बघा, मग खोकं फोडा." उरलेल्या १,१५० मधून तार आणि नवा सॉकेट आला. मामांनी मजुरी घेतली नाही. दोन दिवस खोके तसेच कोपऱ्यात पडून होते आणि आम्ही तिघांनी भरपूर शिव्या खाल्ल्या.

तिसऱ्या रात्री मी मुद्दाम मागच्या भिंतीला टेकून बसलो. चष्म्यासकट स्कोअर वाचता आला, धावा आणि षटके दोन्ही. पावत्या आणि हिशेब नोटीस बोर्डावर लावला आहे.