फायबरच्या जुन्या होडीची घरगुती दुरुस्ती

मांडवी, झुवारी, शापोरा या नद्यांच्या काठी राहणाऱ्या कित्येक कुटुंबांच्या माडाखाली फायबरची एखादी जुनी मोटारहोडी पडलेली आढळते. ती मोडवतही नाही आणि पाण्यात घालण्याचा धीरही होत नाही. आमच्या अब्बांनी १९८८ साली घेतलेली सोळा फुटी होडी अशीच पडून होती. आम्ही पेशाने शिक्षक, होडीचे कारागीर नव्हे. तथापि दोन वर्षांच्या सुट्ट्या खर्चून ती दुरुस्त करताना जे ज्ञान पदरी पडले, ते आपल्या न्यासाच्या कुटुंबांना उपयोगी पडावे म्हणून येथे मांडीत आहोत.

प्रथम फायबर म्हणजे काय ते पाहू. काचेच्या बारीक तंतूंची चटई पॉलिएस्टरच्या राळेत भिजवून साच्यावर थरावर थर चढवितात. राळ घट्ट झाली की होडीचे कवच तयार होते. स्लॅबमध्ये जसे सळई ताण सोसते आणि सिमेंट तिला जागेवर धरते, तसेच येथे काच आणि राळ यांचे नाते आहे. अमेरिकेत ओहायो राज्यात रे ग्रीन यांनी १९४२ साली अशी नाव बांधली, आणि महायुद्धानंतर ही पद्धत जगभर पसरली.

फायबर कुजत नाही हे खरे. परंतु अशा बहुतेक जुन्या होड्यांच्या पोटात लाकूड असते, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. पिछाडीची जी फळी इंजिनाचा भार घेते, तिच्यात फायबरच्या दोन थरांमध्ये प्लायवूड असते. तळाच्या आडव्याउभ्या पट्ट्यांतही लाकूडच असते. स्क्रूच्या भोकांतून पाणी आत झिरपते, लाकूड भुसभुशीत होते, आणि बाहेरून मात्र सारे चकचकीत दिसते. चाळीस अश्वशक्तीचे इंजिन ७० किलोहून अधिक भरते, आणि होडीला पुढे ढकलणारा सगळा जोर त्या एका फळीवर येतो. भर प्रवाहात ती फाटली तर इंजिन तळाशी आणि पाणी होडीत. म्हणून ‘एक रंगाचा हात मारा आणि घाला पाण्यात’ हा गावोगाव मिळणारा सल्ला आम्हांस घातक वाटतो. होडीत घरचीच मुले बसावयाची असतात.

परीक्षा सोपी आहे. लहान हातोडीने फळीवर वीतभर अंतराने ठोकत जावे. टणक आवाज आला तर लाकूड शाबूत. बद्द आवाज आला तर संशय धरावा. संशयाच्या जागी आतील बाजूने बारीक भोक पाडावे. भुसा कोरडा व फिकट निघाला तर ठीक. काळपट, ओला निघाला तर फळी गेली असे समजावे.

दुसरी परीक्षा आर्किमिडीजची, आणि ती आमच्या विद्यार्थ्यांनाही फार आवडली. पाण्याच्या पातळीवर आमच्या होडीचे क्षेत्रफळ सुमारे ६ चौरस मीटर भरते. म्हणजे ती १ सेंटीमीटर अधिक बुडाली की ६० लिटर पाणी जास्त सरते, अर्थात वजन ६० किलोंनी वाढलेले असते. रिकामी होडी जुन्या रंगाच्या रेषेपेक्षा ३ सेंटीमीटर खाली बसत होती. १८० किलो पाणी लाकडात आणि तळाच्या फोममध्ये दडून बसले होते!

कामाला ऑक्टोबरनंतर हात घालावा. पावसाळ्याच्या दमट हवेत लाकूड व फोम वाळत नाहीत आणि राळही नीट धरत नाही. होडीला तळाच्या कण्याखाली व दोन्ही बाजूंना भरपूर आधार द्यावा. नाहीतर आतले लाकूड काढताच कवच वाकते आणि त्याच वाकड्या आकारात पक्के होते. कुजलेली फळी आतील बाजूने थर कापून काढावी म्हणजे बाहेरचा आकार शाबूत राहतो. नवे प्लायवूड आय.एस. ७१० या मानकाचे, मरीन जातीचेच घ्यावे. घासकाम करताना काचेची धूळ उडते. नाकातोंडाला चांगला मुखवटा, डोळ्यांना चष्मा आणि पूर्ण बाह्यांचा सदरा हवाच.

कवचाला भोक असेल तर नुसते बुजवून भागत नाही. कडा उतरती घासावी. जाडीच्या बारा पट रुंद असा उतार सर्व बाजूंनी ठेवावा. कवच ६ मिलिमीटर जाड असेल तर उतार ७२ मिलिमीटर. या रुंद पट्ट्यावरच नव्या थराची पकड अवलंबून असते. एपॉक्सी जुन्या पॉलिएस्टरवर उत्तम बसते. मात्र एपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट बसत नाही, हा क्रम विसरू नये.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना. पॉलिएस्टर राळेबरोबर कोबाल्ट आणि हार्डनर अशा दोन बाटल्या मिळतात. हे दोन द्रव एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत, स्फोट होतो. आधी कोबाल्ट राळेत पूर्ण ढवळावे, आणि मगच हार्डनर घालावे. किलोभर राळेस १० ते २० ग्रॅम, उन्हाळ्यात कमी. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. एका वेळी थोडीच राळ कालवावी. मोठ्या डब्यात ती आपल्याच उष्णतेने धुमसू लागते. वाफा ज्वालाग्राही असल्यामुळे काम मोकळ्या हवेत करावे, आणि विडीवाल्या पाहुण्यांना दूरच चहा पाजावा.

तळावर फोड असतील आणि ते फोडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर पाणी राळेपर्यंत पोचले आहे असे जाणावे. असे फोड उघडून गोड्या पाण्याने वारंवार धुवावे, आठवडेच्या आठवडे वाळवावे आणि नंतरच एपॉक्सीने भरावे.

इंजिनाचे काम आम्ही जाणत्या कारागिराकडे सोपविले. खाऱ्या पाण्यातून आल्यावर इंजिन गोड्या पाण्याने धुणे आणि झिजलेला जस्ताचा तुकडा बदलणे मात्र घरच्यांनीच सांभाळावे. तो जस्त स्वतः झिजून इंजिनाचा धातू वाचवितो. होडी पुन्हा चालू करण्यापूर्वी बंदर कप्तान खात्याकडे नोंदणी व तपासणीची चौकशी करावी, आणि माणशी एक लाइफ जॅकेट ठेवावे. आमची होडी पाण्यात सोडली तेव्हा ती जुन्या रेषेपासून अर्धा सेंटीमीटर खाली बसली. नव्या थरांचे वजन हिशेबात घेतले तर तेवढा फरक यावयाचाच.