आकड्याआधी कान तपासा

भाऊ-वहिनी गेल्यावर पोरगा माझ्याकडे आला. एचआयव्ही जन्मापासूनचा, गोळ्या मात्र पाचव्या वर्षी सुरू झालेल्या. चौथीत पाढे तोंडपाठ, पण फळ्यावरचं उतरवून होईस्तोवर तास संपलेला. शाळेच्या सांगण्यावरून एका खासगी ठिकाणी बुद्धिमापन केलं. तासाभरात कागद हातात आला : बुद्ध्यांक ६८. लगेच शाळेचा धोशा, 'मतिमंदांच्या शाळेत घाला.'

एआरटी सेंटरच्या, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथल्या, समुपदेशक ताईंनी कागद पाहून विचारलं, "याला ऐकू नीट येतं का हो?" कान तर तेव्हा वाहतच होता, या मुलांत ते नेहमीचं. शिवाय चाचणीच्या सूचना अर्ध्या हिंदीत, अर्ध्या इंग्रजीत, आणि पोर रक्त तपासून उपाशीपोटी तिथे बसलेलं.

कान बरा केला, मग सरकारी रुग्णालयात मराठीतून पुन्हा चाचणी. लाल-पांढऱ्या ठोकळ्यांची नक्षी त्याने हुबेहूब जुळवली, पण वेळ संपल्यावर, गुण शून्य. आकडे उलटे म्हणताना तीनपर्यंत जमलं, चौथ्याला अडला. चाचणी घेणाऱ्या मॅडम म्हणाल्या, समज वयाप्रमाणे आहे. वेग कमी आणि ऐकलेलं मनात धरून ठेवणं कच्चं. विषाणू मेंदूत लवकर शिरतो आणि बऱ्याचदा याच गोष्टींना धक्का देतो. गोळ्यांनी व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, दबला की पुढचं नुकसान बरंच टळतं, पण आधीचं सगळं भरून येईलच असं नाही. मात्र सगळं खापर विषाणूवर नको; आईबापाविना वाढणं, कुपोषण, बुडालेली शाळा, यांचाही वाटा असतो.

तेव्हा चाचणीआधी कान, डोळे, हिमोग्लोबिन पाहून घ्या. ताप असेल तर तारीख पुढे ढकला. चाचणी घरच्या भाषेतच मागा. बिने-कामत चाचणी मराठीत स्वातंत्र्याआधीपासून आहे, त्यामुळे 'मराठीत नाही' हे ऐकून घेऊ नका. कोणत्या गोळ्या चालू आहेत तेही सांगा. एफाव्हिरेन्झ या एचआयव्हीवरच्या औषधाने काहींची झोप आणि लक्ष बिघडतं. नुसता आकडा घेऊन परतू नका, पोर कशात बरं आणि कशात कच्चं ते लिहून मागा.

शाळेच्या कागदावर आजाराचं नाव नको. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने एचआयव्ही आहे या कारणावरून शाळेत भेदभाव करता येत नाही. आमच्या कागदावर एवढंच आहे : पहिल्या बाकावर बसवा, एका वेळी एकच सूचना द्या, लिहायला वेळ द्या. वर्गाच्या बाई ऐकतात. गणिताचे सर अजून घड्याळ दाखवतात. त्यांच्याशी माझं भांडण चालू आहे.