पुस्तकाचे वेषांतर

छापखाने येण्यापूर्वी एखाद्या गावी नवी पोथी आली, म्हणजे ती आपल्याजवळ असावी असे वाटणाऱ्याला बोरू आणि शाई घेऊन बसावे लागे. मूळ पोथी समोर ठेवायची आणि अक्षरामागून अक्षर आपल्या कागदावर उतरवायचे, एवढाच मार्ग होता. कागद लहान असला, तर एका पानातला मजकूर दोन पानांवर जाई. हात मोठे अक्षर काढणारा असला, तर ओळी वाढत. क्वचित एखादा शब्द गळे, एखादी वेलांटी चुके. तरीही पोथी तीच राही. कारण शब्द आणि त्यांचा क्रम कायम असे. पुढे सुटी पाने जाऊन बांधीव पुस्तक आले, बोरू जाऊन छापखान्यातले खिळे आले, आणि अलीकडे कागदही बाजूला सारून ई-पुस्तक आले. नक्कल करणाऱ्याचे काम मात्र संपले नाही. ते आता संगणक करतो. आणि तोही कधीकधी वेलांटी चुकतो.

ई-पुस्तक म्हणजे संगणकात साठवलेली एक फाइल. ही फाइल ज्या पद्धतीने रचलेली असते, त्या पद्धतीस फॉरमॅट असे म्हणतात. फॉरमॅट पुष्कळ आहेत आणि प्रत्येक यंत्राला ते सर्व वाचता येत नाहीत. म्हणून एका फॉरमॅटमधील पुस्तक दुसऱ्यात उतरवून घ्यावे लागते. पोथीच्या नकलेचेच हे नवे रूप होय.

आरंभी ही अडचण नव्हती. ४ जुलै १९७१ रोजी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात मायकेल हार्ट या तरुणाने आपल्या देशाचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा स्वतः टाइप करून संगणकात घातला आणि तो इतरांस खुला केला. त्यातूनच प्रोजेक्ट गटेनबर्ग हे विनामूल्य ग्रंथालय उभे राहिले. आज त्यात ७० हजारांहून अधिक पुस्तके आहेत. हार्टचा आग्रह साध्या अक्षरांचा होता. ठळक ठसा नको, नक्षी नको. कोणत्याही संगणकावर उघडेल असा निव्वळ मजकूर हवा. ते पुस्तक दिसायला रुक्ष असे, परंतु ते कोठे अडत नसे.

वाचकाला मात्र सुबक पान हवे असते. १९९३ साली अडोबी या कंपनीने पीडीएफ हा फॉरमॅट आणला. त्यात पान जसे रचले, तसेच ते प्रत्येक संगणकावर दिसते व तसेच छापले जाते. छापखान्याला याहून सोयीचे काय असणार? नकाशे, गणिताची समीकरणे, चित्रांची पुस्तके यांना आजही हाच फॉरमॅट शोभतो. पण तेच पान मोबाइलवर उघडले, की खरा प्रकार कळतो. नेहमीच्या मोठ्या कागदाची रुंदी २१० मिलिमीटर असते आणि हातातल्या मोबाइलची सुमारे ७०. पान तिसऱ्या हिश्श्याने उरते व अक्षरे मोहरीएवढी होतात. ती मोठी करावीत, तर ओळीचा शेवट पडद्याबाहेर जातो. मग प्रत्येक ओळीसाठी पान बोटाने डावीकडे सरकवा आणि पुन्हा उजवीकडे आणा. अशा रीतीने कादंबरी वाचणे म्हणजे खिडकीच्या फटीतून मिरवणूक पाहण्यासारखे आहे.

यावर जो उपाय निघाला, त्याचे नाव ईपब. २००७ साली त्यास सर्वमान्य प्रमाण म्हणून मान्यता मिळाली. ईपबमध्ये पान ठरलेले नसते. पडदा रुंद असेल तर ओळ लांब होते, अरुंद असेल तर ती मोडून खाली येते. आजोबांनी अक्षर मोठे केले, तर पाने आपोआप वाढतात. अशी फाइल खरे तर एक गाठोडे असते. गाठोडे सोडले, की आत प्रत्येक प्रकरणाची निराळी फाइल, चित्रांची थैली, अनुक्रमणिका, कोणते प्रकरण कोणामागून वाचावे याची यादी आणि अक्षरांच्या वेषभूषेची सूचना, अशा वस्तू सापडतात. सर्वांच्या आरंभी अवघ्या २० अक्षरांची एक चिमुकली फाइल असते. ‘हे गाठोडे ईपबचे आहे’ एवढेच ती यंत्राला सांगते.

याच वर्षी अमेझॉन कंपनीने किंडल हे वाचनयंत्र बाजारात आणले. परंतु त्या कंपनीने मोबिपॉकेट नावाची फ्रेंच कंपनी २००५ सालीच विकत घेतली होती, आणि किंडलने त्याच घराण्यातला फॉरमॅट स्वीकारला. परिणाम असा झाला, की एकाच्या यंत्रातले पुस्तक दुसऱ्याच्या यंत्रात उघडेना. २०२२ साली अमेझॉनने वाचकांनी पाठवलेली ईपब पुस्तके स्वीकारण्यास प्रारंभ केला. तीही आत जाताना त्यांचे रूपांतर होतेच.

ही कोंडी फोडण्यात एका भारतीय तरुणाचा मोठा वाटा आहे. २००६ साली सोनी कंपनीचे एक वाचनयंत्र निघाले. ते लिनक्स प्रणालीच्या संगणकाशी जुळत नसे. अमेरिकेत भौतिकशास्त्राचा अभ्यास करणाऱ्या कोविद गोयल यांनी ते जुळवण्यासाठी स्वतःच एक प्रणाली लिहिण्यास घेतली. त्या यंत्राला मानवेल अशा स्वरूपात इतर पुस्तके आणणारे साधनही त्यांनीच तयार केले. २००८ साली या कामाला कॅलिबर हे नाव मिळाले. कॅलिबर आजही विनामूल्य मिळते, आणि ते कसे रचले आहे हे कोणासही उघडून पाहता येते. त्याची रीत साधी आहे. आलेले पुस्तक कोणत्याही फॉरमॅटमध्ये असो, प्रथम त्याचा वेष उतरवून ते एका मधल्या, साध्या रूपात आणावयाचे. मग त्यास हवा तो नवा वेष चढवावयाचा.

ईपबचे रूपांतर सहज होते, कारण प्रकरण कोठे संपते व परिच्छेद कोठे सुरू होतो, हे त्यात नोंदलेले असते. पीडीएफची गोष्ट निराळी. सामान्य पीडीएफला वाक्य ठाऊक नसते. अमुक चिन्ह पानावर अमुक जागी आहे, एवढेच त्यास माहीत असते. त्यामुळे रूपांतरानंतर वाक्याच्या मध्येच पृष्ठांक येऊन बसतो, तर कोठे प्रत्येक ओळ स्वतंत्र परिच्छेद होते. तुटलेल्या ओळी जोडण्याची सोय कॅलिबरमध्ये आहे. पण ती सोय बेताने वापरावी लागते. नाहीतर अभंगाच्या चारही ओळी सलग जोडल्या जाऊन त्याचे गद्य होते.

मराठी पुस्तकांपुढे याहून अवघड प्रश्न उभा राहिला. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि जगातील लिप्यांच्या अक्षरांना ठरावीक क्रमांक मिळू लागले. त्यात देवनागरी ‘क’चा क्रमांक २३२५ आहे व ऱ्हस्व वेलांटीचा २३६७. परंतु मराठी मजकूर त्यानंतरही पुष्कळ वर्षे जुन्या फॉन्टांत टाइप होत राहिला. या फॉन्टांची युक्ती चमत्कारिक होती. संगणक मनात इंग्रजी अक्षरच धरून असे. फॉन्ट त्या अक्षराला देवनागरीचा मुखवटा घाली. मुखवटा आहे तोवर सारे ठीक. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर तीच फाइल उघडली, की सबंध पुस्तक निरर्थक रोमन अक्षरांचा ढीग होई. त्यातही प्रत्येक फॉन्टाचे मुखवटे वेगळे, म्हणून रूपांतरासाठी प्रत्येकाची निराळी कोष्टके करावी लागली.

कोष्टकानेही सर्व काम भागत नाही. ‘किरण’ या शब्दात डोळ्यांना प्रथम वेलांटी दिसते, मग क. जुन्या फॉन्टांत ती तशीच आधी टाइप होई. युनिकोडमध्ये मात्र उच्चाराचा क्रम पाळतात. आधी क, मग वेलांटी. म्हणून रूपांतर करणाऱ्या साधनाला प्रत्येक ऱ्हस्व वेलांटी उचलून तिच्या व्यंजनामागे नेऊन ठेवावी लागते, आणि जोडाक्षर असेल तर ते संपेपर्यंत थांबावे लागते. मराठीतला अर्धा ‘र’ तर परीक्षाच पाहतो. ‘आचाऱ्याने आमटीत मीठ अधिक टाकले’ या वाक्यातला र एका न दिसणाऱ्या जोडचिन्हाच्या आधारानेही लिहिता येतो. रूपांतरात ते चिन्ह गळले, की ‘आचार्याने आमटीत मीठ अधिक टाकले’ असे वाक्य होते, आणि बिचारे गुरुजी विनाकारण स्वयंपाकघरात जातात! अशा चुका यंत्राला दिसत नाहीत. त्यासाठी मराठी जाणणारा मनुष्यच बसवावा लागतो. मराठी विकिस्रोतावर जुन्या ग्रंथांच्या पानांचे छायाचित्र एका बाजूस व टाइप झालेला मजकूर दुसऱ्या बाजूस ठेवून स्वयंसेवक हेच काम करतात. असा तपासलेला ग्रंथ मग ईपबसारख्या रूपात उतरवून घेता येतो.

विकत घेतलेल्या पुष्कळ ई-पुस्तकांना विक्रेत्याचे कुलूप असते. लेखकाच्या हक्काचे रक्षण व्हावे हा त्याचा हेतू रास्त आहे, आणि लेखकाचा हक्क बुडवण्यासाठी असे कुलूप तोडणे भारतात २०१२ पासून कायद्याने गुन्हा आहे. तथापि कुलपाची किल्ली विक्रेत्याच्या घरी राहते. २०१९ साली मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा ग्राहकांना पैसे परत मिळाले, पण घेतलेली पुस्तके उघडेनाशी झाली.

ज्या वर्षी कुलपाचा कायदा झाला, त्याच वर्षी त्यात आणखी एक तरतूद झाली. अंध व अन्य अपंग वाचकांसाठी पुस्तकाचे त्यांना वाचता येईल अशा स्वरूपात रूपांतर करणे हा लेखकाच्या हक्काचा भंग मानला जात नाही. पुढे २०१३ साली मोरोक्कोतील माराकेश येथे याच विषयावर आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि २०१४ साली त्यास अनुमोदन देणारा पहिला देश भारत ठरला. २०१६ साली अशा वाचकांसाठी सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले. डोळस वाचकाला चुकलेली फाइल म्हणजे थोडा त्रास. अंध विद्यार्थ्याला ती म्हणजे बंद दार. पानांची नुसती छायाचित्रे असलेल्या पुस्तकात संगणकाच्या वाचकध्वनीला वाचण्यासारखे काहीच सापडत नाही, आणि जुन्या फॉन्टातले पुस्तक दिले, तर तो रोमन अक्षरांची बडबड ऐकवतो.

तेच पुस्तक युनिकोडमध्ये नीट उतरले, म्हणजे ते ऐकता येते व स्पर्शानेही वाचता येते. संगणकाला जोडलेल्या ब्रेल पट्टीवर बारीक टोके वर येतात, ओळ संपली की खाली बसतात आणि पुढच्या ओळीसाठी पुन्हा वर येतात. भारतीय भाषांसाठी असलेल्या भारती ब्रेलमध्येही क्रम उच्चाराचाच आहे. डोळ्यांना ‘किरण’ या शब्दात जी वेलांटी आधी दिसते, ती बोटाला क नंतरच लागते.