मोऱ्याची लाँच आणि माझी घाई

उरणच्या मोरा बंदरात ओहोटीला गाळ उघडा पडतो आणि लाँच धक्क्याला लागत नाही. मग मुंबईला, भाऊच्या धक्क्याला निघालेले सगळेच, साहेब असोत की मासळीची पाटी घेतलेल्या मावशी, पाणी चढेपर्यंत बसून राहतात. बॅलार्ड इस्टेटमधल्या शिपिंगच्या एका कार्यालयात मी कागदपत्रांचं काम करते. नोकरीची बरीच वर्षं मी या ओहोटीच्या नावानं बोटं मोडण्यात घालवली.

१२ जानेवारी २०२४ ला उरणची लोकल आणि शिवडी-न्हावा शेवा अटल सेतू यांचं एकाच दिवशी उद्घाटन झालं. वाटलं, सुटले! आता ओहोटी नको, पावसाळ्यातला तीन नंबरचा धोक्याचा बावटा नको. लोकल पकडायची आणि नेरूळला बदलायची.

झालं उलटंच. लाँचला जाताना मी भरतीची वेळ बघून, हातात थोडा वेळ राखून निघायचे. लोकल आल्यावर गाडी सुटायच्या दोन मिनिटं आधी स्टेशन गाठायचा हिशेब सुरू झाला. वाचलेल्या वेळात चार पोळ्या जास्त, एक फोन जास्त. विसावा मात्र एका मिनिटाचाही नाही.

त्यात आमच्या धंद्यात सगळा खेळ कट-ऑफचा. ठरलेल्या वेळेआधी कंटेनर बंदराच्या गेटमधून आत गेला नाही, तर जहाज त्याच्याशिवाय निघून जातं. दिवसभर हे सांभाळून मी घरालाही कट-ऑफ लावला. आठला अभ्यास, साडेआठला जेवण. लेक अडखळत काही सांगू लागला की त्याचं वाक्य मीच पुरं करायचे. रविवारीही जबडा आवळलेला, छातीत धडधड, पहाटे तीनला जाग. ‘सगळ्यांचंच असं असतं,’ म्हणून सोडून दिलं.

मग एका पावसाळी संध्याकाळी मी कंटेनरच्या दाराला लावलेल्या सीलचा क्रमांक लिहिताना दोन अंकांची अदलाबदल केली. कंटेनरच्या क्रमांकात शेवटचा अंक आधीच्या अक्षर-अंकांवरून काढलेला असतो, त्यामुळे चूक बहुधा पकडली जाते. आमच्या सीलच्या क्रमांकाला असा राखणदार नव्हता. गेटवर कागद आणि सील जुळेना, ट्रेलर बाजूला घेतला. दुरुस्ती होईपर्यंत कट-ऑफ टळला. रात्री चालकाचा फोन आला, “मॅडम, मी इथंच थांबू का?” भर पावसात तो केबिनमध्ये रात्र काढणार होता, माझं तपासण्याचं अर्धं मिनिट वाचावं म्हणून.

अमेरिकेतल्या प्रिन्स्टनमधला १९७३ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मी नंतर वाचला. धर्मशास्त्राचे विद्यार्थी व्याख्यान द्यायला निघालेले, वाटेत एक माणूस विव्हळत पडलेला. ज्यांच्याकडे सवड होती त्यांच्यातले ६३ टक्के मदतीला थांबले, घाईत असलेल्यांपैकी फक्त १० टक्के. ती मुलं वाईट नव्हती. घाईत समोरचा माणूसच दिसेनासा होतो. मला तो चालक दिसला नव्हता, आणि लेकही.

सासूबाई उरणजवळच्या कारंज्याच्या. तिथीची पाऊणपट करून त्या भरतीच्या वेळेचा अंदाज सांगतात: चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा. माझी घालमेल बघून एकदा म्हणाल्या, “पानी ढकलून येतं काय गो?” ओहोटीत कोळी हातावर हात धरून बसत नाही, जाळी दुरुस्त करतो. पण पाण्यावर चिडतही नाही.

तेव्हापासून काही गोष्टी पाळते. तुम्हालाही उपयोगी पडतील.

घाईची लाट आली की स्वतःला विचारा, ‘कुठलं जहाज सुटणार आहे?’ दिवसातले दोन-तीनच कट-ऑफ खरे असतात. बाकीचे आपणच लावलेले.

आपली गाडी म्हणजे एक आधीची गाडी. ती चुकली तर हातात दुसरी असते, आणि नेरूळचा जिना धावत उतरावा लागत नाही.

आकडा पाठवण्यापूर्वी बोट ठेवून, मोठ्यानं, एकेक अंक वाचा. साहेब डोक्यावर उभे असले तरी.

गाडी बदलताना फोन पर्समध्ये. ती दहा मिनिटं आपली ओहोटी.

आणि घरातली कामं वाटा. माझी निम्मी घाई स्वभावाची नव्हतीच, एकटीनं ओढलेल्या गाड्याची होती. आता डबे नवरा भरतो. आधी डाळ सांडायची, आता नाही.

धडधड, निद्रानाश आठवडेच्या आठवडे राहिला तर अंगावर काढू नका, डॉक्टरांना दाखवा. मनाचा ताण असह्य झाला तर सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. मी डॉक्टरांकडे उशिरा गेले. रक्तदाब वाढलेला निघाला.

माझी घाई पुरती गेलेली नाही. पण परवा लेक शाळेतलं काही सांगत होता, मध्येच अडला. वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. मी गिळलं आणि थांबले. बऱ्याच वेळानं त्यानं ते पुरं केलं. मी केलं असतं त्याहून ते वेगळंच निघालं.