रंग कागदावरचे आणि पडद्यावरचे

सोयाबीनचे पान पिवळे पडण्याची कारणे एकाहून अधिक आहेत. पिवळा मोझॅक या विषाणुजन्य रोगात पानावर पिवळे-हिरवे अनियमित चट्टे उमटतात. लोहाची कमतरता असल्यास कोवळ्या पानांचा शिरांमधील भाग पिवळा पडतो. शिरा मात्र हिरव्या राहतात. पहिल्या प्रसंगी रोगट झाडे उपटून पांढऱ्या माशीचा बंदोबस्त करावा लागतो, दुसऱ्या प्रसंगी हिराकशीची फवारणी उपयोगी पडते. हा भेद समजावून देणाऱ्या पत्रकात हिरवी शीर पिवळट छापली गेली, तर शेतकऱ्याचा खर्च आणि हंगाम दोन्ही वाया जाण्याचा संभव असतो. अशा पत्रकात रंग हीच माहिती असते. म्हणून संगणकावर मजकूर जुळविण्यापूर्वीच रंगपद्धतीचा आणि फाइलच्या प्रकाराचा विचार होणे अगत्याचे आहे.

प्रकाशाचे रंग, शाईचे रंग

संगणकाचा, दूरचित्रवाणीचा वा मोबाइलचा पडदा लाल, हिरवा आणि निळा या तीन प्रकाशांच्या मिश्रणातून सर्व रंग दाखवितो. हीच आरजीबी पद्धत होय. तिन्ही प्रकाश पूर्ण तेजाने एकत्र आले की पांढरा रंग दिसतो. कागदाचे गणित उलटे आहे. शाई प्रकाश शोषून घेते आणि उरलेला प्रकाश डोळ्यापर्यंत पोहोचतो. आकाशी, किरमिजी व पिवळी या तीन शाया मिळून तत्त्वतः काळा रंग व्हावयास हवा; प्रत्यक्षात मळकट तपकिरी होतो. त्यासाठी काळी शाई चौथी म्हणून घेतात. मुद्रक जिला फोर कलर छपाई म्हणतात, ती ही सीएमवायके पद्धत.

पडद्यावरील कित्येक तेजस्वी रंग या चार शायांच्या आवाक्याबाहेर असतात. वारीतील भगव्या पताका पडद्यावर झळाळतात, तशा कागदावर झळाळत नाहीत. कोवळ्या पानाचा पोपटी रंगही असाच मंदावतो. यात मुद्रकाचा दोष क्वचितच असतो. छायाचित्राची मूळ आरजीबी प्रत जपून ठेवावी आणि सीएमवायकेमध्ये रूपांतर एकदाच, शेवटी, ठरलेल्या कागदाप्रमाणे करावे. एकदा गमावलेली छटा उलट रूपांतर केल्याने परत मिळत नाही.

कागद कोणता, हेही आधी विचारून घ्यावे. चारही शायांच्या टक्केवारीची बेरीज वृत्तपत्री कागदावर साधारणतः २४० च्या आसपास ठेवतात. आर्ट पेपरला ३०० किंवा थोडी अधिक चालते. मजकूर मात्र केवळ काळ्या शाईत असावा. चार शायांतून काळा केलेला देवनागरी मजकूर प्लेट किंचित हलली तरी बिघडतो. अनुस्वार आणि रफार आधी जातात आणि औषधाचे प्रमाण सांगणारी ओळ वाचता येत नाही.

फाइल कोणती निवडावी?

१९९२ साली प्रमाणित झालेली जेपीईजी पद्धत छायाचित्राचे आकारमान पुष्कळ कमी करते. उजेडातील फरक डोळ्याला जितका बारकाईने कळतो, तितका रंगातील कळत नाही. म्हणून ही पद्धत बहुधा रंगाचा तपशीलच आधी कमी करते. निसर्गदृश्यात हे खपून जाते. पानाच्या बारीक शिरांत खपत नाही. शिवाय प्रत्येक दुरुस्तीनंतर ती फाइल पुन्हा जेपीईजीत साठविली की थोडी हानी होतच राहते. काम चालू असताना टिफ प्रकार वापरावा. अक्षरे, आलेख व सपाट रंगांची चित्रे पडद्यासाठी पीएनजीमध्ये उत्तम राहतात, परंतु या प्रकारात सीएमवायकेची सोय नाही. बोधचिन्हे एसव्हीजीसारख्या रेषाधिष्ठित प्रकारात ठेवल्यास ती कितीही मोठी करता येतात. छपाईस पीडीएफ द्यावी, आणि तिच्यात फॉन्ट अंतर्भूत आहेत याची खात्री करावी; अन्यथा जोडाक्षरे फुटतात.

तालुक्याच्या गावाहून छायाचित्रे हल्ली व्हॉट्सॲपवर येतात. छायाचित्र म्हणून पाठविल्यास त्यांचे आकारमान वाटेतच घटते. तीच फाइल दस्तऐवज म्हणून मागवावी.

चित्रफितीसाठी

प्रभात फिल्म कंपनीच्या १९३३ सालच्या ‘सैरंध्री’च्या रंगीत प्रतींचे काम जर्मनीत झाले, पडद्यावर रंग मनासारखे उतरले नाहीत. कॅमेरा आणि पडदा यांमधील टप्पे आजही संपलेले नाहीत. चित्रफितीत सीएमवायकेला स्थान नाही. छपाईसाठी रूपांतरित केलेले पानाचे चित्र तीत वापरू नये, मूळ आरजीबी प्रतच घ्यावी. अंतिम प्रतीसाठी एच.२६४ हा प्रकार जवळजवळ सर्वत्र चालतो, मात्र त्यातील नेहमीच्या मांडणीत चार बिंदूंमागे रंगाची नोंद एकच असते. निळ्या पट्टीवरील लाल अक्षरे त्यामुळे फिसकटतात. पांढरी अक्षरे गडद पार्श्वभूमीवर ठेवावीत. संकलनासाठी प्रोरेससारखा कमी आवळलेला प्रकार घ्यावा, आणि दहा बिटची सोय असल्यास ती वापरावी. आठ बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या मिळतात, दहा बिटमध्ये १,०२४. मोकळ्या आभाळाच्या दृश्यात हा फरक चटकन दिसतो. मूळ चित्रण आणि संकलित प्रत कार्यालयात दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवावी, कारण पुढील वर्षीचे पत्रक बहुधा त्यातूनच काढावयाचे असते.